नववी-दहावीचं इंग्रजी: उद्दिष्ट एक आणि गुण भलत्यालाच, या चुका टाळा

शिक्षकाच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत, उद्दिष्टाच्या रकान्यात ‘कवितेचा आशय समजावून सांगणे’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. हे तर शिक्षकाचं काम झालं. तास संपल्यावर मुलाला काय जमलं पाहिजे, हे त्यात कुठेच नाही, आणि जे ठरलेलंच नाही ते तपासणार कसं? मग तपासलं जातं पाठांतर. ते तपासायला सोपं असतं.

सातारा-सांगलीकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत पुढचं चित्र नवं नाही. घटक चाचणीत २० पैकी १७ घेणारी मुलगी न पाहिलेला उतारा समोर आला की अडून बसते. दोष मुलीत शोधू नका, आधी चाचणी काढून बघा. उतारा पाठातला, प्रश्न गाइडमधले. त्या १७ गुणांनी तिची स्मरणशक्ती मोजली, वाचन नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा असतोच, तेव्हा परीक्षेत धक्का बसणार हे ठरलेलं.

यावर उपाय असा. उद्दिष्टच ‘अनोळखी उताऱ्यातलं लेखकाचं मत शोधून आपल्या दोन वाक्यांत लिहिता येणे’ असं ठरवा आणि चाचणीत उतारा बाहेरचाच द्या. बाहेरचा म्हणजे लंडनच्या पुलावरचा नव्हे. कासच्या फुलांवर तुम्हीच लिहिलेला परिच्छेद चालेल, सांगलीच्या हळद बाजारावरची इंग्रजी बातमीही चालेल. विषय ओळखीचा असला की मूल माहितीत अडलं की भाषेत, हे लगेच कळतं.

कवितेच्या रसग्रहणाचंही तेच. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असा साचा हाती असतो आणि अख्ख्या वर्गाला कविता एकाच कारणासाठी आवडलेली असते! सत्रात एकदा तरी न शिकवलेली छोटी कविता द्या आणि एवढंच विचारा: कोणती ओळ आवडली किंवा खटकली, आणि का?

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लेखन तपासताना. संध्याकाळची कोरेगाव गाडी वेळेवर येत नाही म्हणून आगारप्रमुखांना पत्र लिहायला सांगितलंय. एका मुलीने लिहिलं, ‘बस इज नॉट कम ऑन टाइम. गर्ल्स स्टँड इन डार्क.’ व्याकरण पार कोलमडलंय, पण वाचणारा आगारप्रमुख अस्वस्थ होईल. दुसऱ्याने गाइडमधलं बिनचूक पत्र उतरवलं, त्यात गाडी कुठली तेही नाही. आपण दुसऱ्याला चार आणि पहिलीला दीड देतो. मग वर्ग काय शिकला? स्वतःचं लिहिणं तोट्याचं असतं, एवढंच.

म्हणून निकष पत्र लिहायला देतानाच फळ्यावर मांडा. पाच गुणांपैकी दोन तक्रार पोचते का याला, एक क्रमाला, एक वाक्यरचनेला, एक पत्राच्या मांडणीला. ही विभागणी माझी आहे, तुमची वेगळी असेल. मुलांना ती आधी माहीत हवी, इतकंच. लाल शाईने प्रत्येक चूक रंगवू नका. एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा, या वेळी क्रियापदाचं रूप, पुढच्या वेळी ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं. आणि वही परत देताना गुण झाकून फक्त शेरा द्या, पत्र सुधारून आलं की गुण सांगा. गुण आधी दिसले की शेरा कुणी वाचत नाही.

आता तोंडीबद्दल. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे; तोंडी त्यातच येते. २०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे २० गुण नव्हते आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळी घसरण या गुणांच्या माथी मारता येत नाही. पण पुढच्या वर्षी ते परत आले, आणि काही ठिकाणी मूल तोंड न उघडताच १८ भरण्याची सवयही परत आली. ‘साठ मुलांची तोंडी कधी घ्यायची?’ हा प्रश्न रास्त आहे. एका दिवसात घेऊच नका. तासाच्या सुरुवातीला रोज चार जण, प्रत्येकी दोन मिनिटं. साठांचा वर्ग पंधरा तासिकांत होतो. प्रश्न पाठ करून देता येणार नाही असा ठेवा: आज शाळेत कसा आलास, वाटेत काय दिसलं. मूल बोलत असतानाच वहीत तारीख आणि एक ओळ लिहा, म्हणजे फेब्रुवारीत गुण भरताना चेहरा आठवत बसावं लागत नाही.