स्मोक डिटेक्टर नवीन बॅटरी टाकूनही टुकटुकतोय? माझा अनुभव

इथे न्यू जर्सीत आमच्या घरी छतातले, धूर झाला की वाजणारे डिटेक्टर घरच्या वायरिंगवर चालतात आणि बॅकअपला आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. जिन्यावरचा एक दर मिनिटाला एकदा टुक करायचा (बॅटरी उतरल्याची खूण), तेही पहाटे जास्त, कारण गारठ्यात बॅटरीचा व्होल्टेज अजून खाली येतो. झोपेचं पार खोबरं झालं.

बॅटरी बदलली, टेस्टचं बटण दाबलं, ब्रेकर (वीज तोडायचा पॅनेलवरचा स्विच) बंद केला, काही फरक नाही. (ब्रेकर बंद केला तरी बॅकअपवर वाजणारच ना!) नव्याने टाकलेली बॅटरी रिचार्जेबल होती, त्या बऱ्याचदा ८.४ व्होल्टच्याच असतात, डिटेक्टरला ती उतरलेलीच वाटते.

शेवटी हे चाललं: आधी ब्रेकर बंद, मग डिटेक्टर डावीकडे फिरवून खाली काढला, मागचा वायरचा प्लग क्लिप दाबून ओढला, बॅटरी काढली, आणि आता महत्त्वाचं, दोन्ही पॉवर नसताना टेस्टचं बटण २० सेकंद दाबून धरलं. आत उरलेला चार्ज जातो आणि जुनी लो बॅटरीची खूण पुसली जाते. मग नवी अल्कलाईन बॅटरी, प्लग, वर बसवून फिरवला, ब्रेकर चालू, पुन्हा टेस्ट. बंद झालं टुकटुकणं.

तरी वाजलाच तर मागे छापलेली बनवल्याची तारीख बघा, १० वर्षं झाली असतील तर सरळ नवा घ्या.