खाणीतील स्फोटाचे कंप : मोजणीपासून संगणकीय अंदाजापर्यंत

नागपूर परिसरातील खुल्या कोळसा खाणींत वापरले जाणारे इमल्शन स्फोटक (पाण्यातील क्षार आणि तेल यांचे घट्ट मिश्रण) प्रत्येक होलमध्ये, म्हणजे स्फोटक भरण्यासाठी खडकात पाडलेल्या छिद्रात, सारखे वागत नाही. होलचा व्यास आणि भोवतालच्या खडकाची घट्ट पकड यांनुसार त्याचा विस्फोटवेग, म्हणजे स्फोटकातून स्फोट पुढे सरकण्याचा वेग, खाणीतल्या बोलीत व्हीओडी, बदलतो. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यातील आकडा तपासल्याशिवाय कंपाचा अंदाज देणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये घालू नये. चार्जिंग (होलमध्ये स्फोटक भरणे) आणि फायरिंग (ते उडवणे) हे अधिकृत ब्लास्टिंग कर्मचाऱ्यांचेच काम आहे. अभ्यासकाने खाण व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीने, धोकाक्षेत्राबाहेर राहून, फक्त मोजणी करावी.

मोजणीसाठी तीन दिशांचे कंप टिपणारा जिओफोन लागतो. विदर्भातील काळी माती येथे खरी अडचण ठरते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि सुट्या ढेकळावर ठेवलेला जिओफोन जमिनीऐवजी ढेकळाचाच कंप सांगतो. त्यामुळे वरचा भुसभुशीत थर काढून, घट्ट मातीत खिळे पूर्ण रोवून, पातळी पाहून वर वाळूची पिशवी ठेवावी. हीच माती फुगून-आकसून घरांच्या भिंतींनाही तडे पाडते, तेव्हा जुन्या तड्यांची रुंदी ब्लास्टिंगपूर्वीच तारखेसह नोंदवावी, कारण पुढे गावकऱ्यांशी होणारा वाद नेमका त्यावरच अडतो.

प्रत्येक स्फोटाचे अंतर आणि एका डिलेमध्ये, म्हणजे होल थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने उडवताना एकाच टप्प्यात, उडालेले कमाल स्फोटक नोंदवावे. एकूण वजन येथे उपयोगाचे नाही. मीटरमधील अंतराला किलोग्रॅममधील या वजनाच्या वर्गमूळाने भागावे : ५०० मीटर व १०० किलोसाठी उत्तर ५० येते, ४०० किलोसाठी २५. हे उत्तर आणि कंपाचा कमाल वेग (जमीन हलण्याचा वेग, लाट पसरण्याचा नव्हे) लॉग-लॉग आलेखावर, म्हणजे दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचे माप असलेल्या आलेखावर, मांडून सरळ रेषा बसवावी. उताराचा घातांक १.५ निघाला, तर चौपट स्फोटकाने कंप सुमारे २.८ पट होतो. ही सरासरी रेषा असल्याने निम्मी मापे तिच्या वर जातात. निर्णयासाठी ९५ टक्क्यांची वरची रेषाच, म्हणजे जिच्याखाली ९५ टक्के मापे राहतात ती, धरावी. दुसऱ्या खाणीच्या रेषेचे स्थिरांक उसने घेणे मला तरी मान्य नाही.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी कंपाच्या कमाल वेगाची मर्यादा ८ हर्ट्झ वारंवारतेखाली (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलने) सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ आहे. त्यामुळे वारंवारता नोंदवली नाही, तर मोजणी अर्धवट राहते.

पुढची पायरी म्हणून एकट्या होलची कंपलहर नोंदवून, ती डिलेच्या वेळांनुसार संगणकावर एकमेकींत मिळवता येते. डेटोनेटरच्या (स्फोटक पेटवणाऱ्या नळीच्या) वेळेतील चूक यादृच्छिकपणे बदलत ही बेरीज अनेकदा चालवावी आणि मॉडेल बसवताना न वापरलेल्या स्फोटांच्या, शक्यतो पावसाळ्यानंतरच्या, नोंदींशी ताडून पाहावी.