कमळाच्या प्रचारातली वही आणि पानं

२०२३ च्या विधानसभेला बेळगाव जिल्ह्यातल्या एका मतदारसंघात मी भाजपच्या उमेदवारासाठी महिनाभर राबलो. वाटलं होतं, घोषणा द्यायच्या आणि रॅलीत झेंडा धरायचा. पहिल्याच दिवशी हातात आली ती खर्चाची वही.

तिच्याबद्दल नवख्यांना कुणी सांगत नाही. उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, खर्च त्यातूनच. चहा, खुर्च्या, मंडप, भाड्याची जीप, सगळ्यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं. मंडपवाला ओळखीतला, त्याने पैसे घेतले नाहीत, तरी वहीत त्या दराने रक्कम चढते. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. मी केलेला घोळ पत्रकाचा: त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायचंच राहिलं. गठ्ठे तसेच परत, रात्री दुसरी छपाई, आणि तोही खर्च वहीत!

दुसरं काम यादीचं. मतदारयादीच्या एका पानावर साधारण ३० नावं असतात, ते पान सांभाळणारा पन्नाप्रमुख. पुण्याला कामाला गेलेला कोण, लग्न होऊन गेलेली कोण, हे तो उंबरा चढूनच सांगू शकतो. सभेला आलेली गर्दी बघून मी खूश व्हायचो, जुने कार्यकर्ते मात्र पानंच चाळत बसायचे.

आमच्याकडे एका गल्लीत 'या, बसा की' आणि पुढच्या गल्लीत 'बर्री, ऊट आतेन्री?' (या, जेवण झालं का?). कन्नडची चार वाक्यं तरी पाठ हवीत. त्याहून अवघड जातात ती मराठी घरं. १९५६ पासूनची सीमाप्रश्नाची जखम तिथे ओलीच आहे. हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ मध्ये एकही आला नाही. हिंदुत्वाचं बोललं की तरुण मान डोलावतात, म्हाताऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा म्हणाले, "कमळ चांगलंच रे, पण समितीला काय सांगू?" मला उत्तर सुचलं नाही. वाद घालू नका, हे मी तिथे शिकलो. चहा घेतला, आणि घरून मत देण्यासाठीच्या १२-डी अर्जाची माहिती देऊन उठलो. ऐंशीच्या पुढच्यांना ती सोय त्या वर्षी होती. त्यांचं मत कुठे जाणार हे कळत होतं, तरी माहिती दिली. बरोबरचा पोरगा वाटेत माझ्यावर चिडला.

१० मेला मतदान सात वाजता सुरू, पण बूथ एजंट साडेपाचला हजर हवा, कारण यंत्र तपासायचं चाचणी मतदान त्याच्यासमोर होतं. संध्याकाळी १७-सी नमुन्याची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. एकूण मतांचा आकडा त्यावर असतो आणि मोजणीच्या टेबलावर तोच ताडून बघतात. आमचा एक एजंट प्रत न घेताच जेवायला निघाला होता, त्याला फाटकातून परत आणला.