जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्यावर लिहिताय? या चुका टाळा

आपल्या हायवेच्या इतिहासावर लिहिणारी नवी मुलं कोल्हापुरात तयार होताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्रास होतो तो त्याच त्या चुका पुन्हा वाचताना. बहुतेकांच्या डोक्यात एकच रस्ता असतो, आज तावडे हॉटेलजवळून जातो तो. मग संस्थानकाळातली गोष्टसुद्धा त्याच डांबरावर घडवून आणली जाते.

सगळ्यात महागात पडते ती नंबरची चूक. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आपला पुणे-बेंगळूरचा ४ नंबर दिल्ली ते चेन्नई जाणाऱ्या ४८ मध्ये गेला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ४८ हा आकडा त्याआधी मोकळा नव्हता. तो हसन, सकलेशपूर, शिराडी घाट असा जाणाऱ्या बेंगळूर-मंगळूर रस्त्याचा होता. तो रस्ता आता ७५ मध्ये मोडतो. आणि आजचा ४ नंबर थेट अंदमानात आहे.

एका कॉलेजच्या प्रदर्शनात याचा जो घोळ झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. नव्वदच्या दशकातलं कात्रण, ‘महामार्ग ४८ वर शिराडी घाटात दरड’. पोरांनी ४८ बघितलं, शिराडी म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याच्या बाजूचं काहीतरी असेल असं धरलं आणि पेठ नाक्याजवळ नकाशावर लाल ठिपका दिला. फ्लेक्स छापून भिंतीवर चढला होता. कात्रणाच्या दुसऱ्याच ओळीत मंगळूरचं नाव होतं, पण ती वाचायला कुणाला वेळ नव्हता. घाईला माझ्याकडे औषध नाही. मी स्वतः कात्रण हातात आलं की आधी मागे पेन्सिलीनं साल लिहितो, मगच क्रमांक वाचतो.

दुसरी चूक शिवाजी पुलाची. दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल, फोटो झकास येतो, म्हणून ‘जुना पुणे-बेंगळूर रस्ता’ या मथळ्याखाली हटकून तोच छापतात. अहो, तो पूल शहराच्या पश्चिमेला, पन्हाळा-रत्नागिरीच्या वाटेवर आहे. पुण्याहून येणारा रस्ता पंचगंगा ओलांडतो शिरोलीकडे. पुढे जुना रस्ता कावळा नाक्याच्या बाजूनं शहरात शिरायचा. याला पुरावा हवा तर दुकानांच्या पाट्या वाचत हिंडा, ‘जुना पी. बी. रोड’, म्हणजे पुणे-बेंगळूर रोड, असा पत्ता अजून दिसतो. बेळगावात तसंच, दावणगेऱ्यात तसंच. बायपास गावाबाहेरून गेला, नाव जुन्या रस्त्याला चिकटून राहिलं. कऱ्हाडचा कोल्हापूर नाकासुद्धा असाच वाचावा. मोबाईलवरचा नकाशा हे दाखवत नाही, तो आजचा जवळचा रस्ता दाखवतो. पायी किंवा फार तर सायकलवर जावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे म्हणजे जुना ४ नंबर नव्हे. कात्रजचा घाटातला जुना बोगदा आणि बायपासवरचा बोगदा हे दोन वेगळे. खंबाटकीचा घाट ‘बंद पडलेला’ नाही. साताऱ्याकडे येणारी वाहनं तोच चढतात, बोगदा पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी. रेल्वेच्या कडेनं रस्ता शोधू नका, कारण मुख्य लोहमार्ग मिरजेवरून बेळगावला जातो आणि कोल्हापूरला १८९१ पासून मिरजेहून फाटा आहे.

सरहद्दीचंही तसंच. १९५६ पूर्वी निपाणी-बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हा कागलच्या पुढे राज्य बदलतं हे वाक्य त्या काळाला लावू नका. आणि १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर हे स्वतंत्र संस्थान होतं. त्यामुळे इथल्या तुकड्याचे कागद मुंबई सरकारच्या दप्तरात सापडले नाहीत म्हणून ‘नोंदच नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन संस्थानची दप्तरं मागा. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या.