शैक्षणिक कर्ज: बँकेची पायरी चढण्याआधी

आधार, पॅन, गुणपत्रिका, फोटो, हे सांगायला नको. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच काढायला टाका. जुन्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि जून-जुलैत सेतू केंद्रावर अख्खा तालुका लोटलेला असतो. तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र जोडून अर्ज केला तरी पंधरा दिवस धरून चाला. दाखला हातात पडला की नाव आधारशी जुळतंय का, ते खिडकीवरच बघा.

कर्ज किती लागेल ते प्रवेश कुठल्या दाराने होतो यावर ठरतं. इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, जागा मिळाली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क सुटतं. मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षात शिरलं तर इंजिनिअरिंगची एका वर्षाची फी वाचते. लोक या रस्त्याला उगाच नाकं मुरडतात. आणि हो, शिष्यवृत्तीलाही दाखला लागतोच.

बँकेत चार लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत; त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के, परदेशी पंधरा. साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात. सहकर्जदार वडील असतील तर त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक, आधी काढून बघा. थकलेलं जुनं क्रेडिट कार्ड नेमकं इथे आडवं येतं.

आता व्याज. शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून व्याजही नसतं असं समजू नका. दर वर्षी दीड लाख असे चार वर्षांत सहा लाख उचलले, दर दहा टक्के धरला, तर सरळव्याजानेच दोन लाख दहा हजार होतात. ते मुद्दलात जातात आणि हप्ता बसतो आठ लाख दहा हजारांवर. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि नॅक किंवा एनबीए (शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकित ठिकाणी व्यावसायिक शिक्षण असेल, तर या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण ठरावीक संस्थांनाच, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फी-माफी घेतली नसेल तरच.

या दोन्हींसाठी काय लागतं? दाखला. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही, आयटी रिटर्न नाही. शाखेत तो कोणी स्वतःहून मागेल या भरवशावर राहू नका. अर्जासोबतच द्या, झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या आणि खात्यावर व्याज-अनुदानाची नोंद झाली का ते विचारा. महिनाभराने पुन्हा विचारा.

पुढचं थोडक्यात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर. विमा गळ्यात मारत असतील तर प्रीमियम कर्जात मिळवलाय का ते बघा. दर वर्षी कॉलेजचं फी-मागणी पत्र आणि मागची गुणपत्रिका शाखेत नेऊन द्या, नाहीतर बँकेकडून कर्जाची पुढची रक्कम सुटत नाही. भरलेल्या व्याजावरची आयकरातली, ८०ई म्हणून ओळखली जाणारी सूट फक्त जुन्या करपद्धतीत, आठ वर्षं. कर्ज फिटलं की नो ड्यूज पत्र घ्या.