दोन जुनी कार्डं की एक नवं : पैसे मोजण्याआधीची तयारी

माझी भाची अकोल्यात डीटीपी आणि मुद्रितशोधनाचं काम करते. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची नाहीत असं तिचं ठाम मत आहे आणि मला ते पूर्ण पटतं. म्हणून भाषेचं मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारा एआय प्रोग्रॅम, घरच्याच कॉम्प्युटरवर चालवायचं ठरलं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवं आणि मॉडेल मावेल एवढी मेमरी त्या कार्डावरच हवी. तिच्यापुढे दोन पर्याय होते. १६ जीबीचं नवं कोरं आरटीएक्स ५०६० टीआय, नाहीतर १२-१२ जीबीची दोन वापरलेली आरटीएक्स ३०६०. "मामा, बारा आणि बारा चोवीस. मग विचार कसला करायचा?" असं तिने विचारलं. विचार त्या बेरजेचाच करायचा होता. तेव्हा तिला जी यादी सांगितली, तीच इथे लिहून काढतो आहे.

सगळ्यात आधी आपलं काम कोणतं ते कागदावर लिहा, कारण दोन कार्डांची मेमरी प्रत्येक कामात जोडली जात नाही. गेम खेळायचे असतील तर जुन्या जोडीचा विचार सोडून द्या. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीने २००४ मध्ये आणलेली एसएलआय ही दोन कार्डं जोडून गेम चालवण्याची पद्धत बहुधा एक फ्रेम एका कार्डाला आणि पुढची दुसऱ्याला द्यायची. दोन्हीकडे तोच मजकूर ठेवावा लागे, म्हणून ८ आणि ८ मिळून ८च राहत. २०२१ पासून तर कंपनीने त्यासाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल, म्हणजे नव्या गेमसाठी लागणाऱ्या जुळण्या, देणंही थांबवलं. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमच्या सायकल्स या भागात दोन कार्डांनी रेंडरचा, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्याचा, वेळ जवळपास निम्मा होतो, पण सगळा सीन प्रत्येक कार्डात मावावा लागतो. चित्रं तयार करणारी मॉडेलं सहसा एकाच कार्डावर चालतात. भाषेच्या मॉडेलचं तसं नाही. ते थरांचं बनलेलं असतं, अर्धे थर एका कार्डात आणि उरलेले दुसऱ्यात ठेवता येतात. इथे बेरीज खरी होते. मात्र पहिल्या कार्डाचं काम झाल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामुळे मेमरी दुप्पट झाली तरी वेग एकाच कार्डाइतका राहतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. एक रुपयाही खर्च करण्याआधी ते मॉडेल साध्या रॅमवर चालवून बघा. लामा.सीपीपीसारखा मोफत प्रोग्रॅम कार्ड नसतानाही प्रोसेसरवर मॉडेल चालवतो. हळू चालवतो, पण उत्तर तेच देतो. मॉडेल म्हणजे अब्जावधी आकडे, त्यांना पॅरामीटर म्हणतात आणि जागा वाचवायला ते दाबून लहान करतात. ४ बिटांत दाबलेलं १४ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल साधारण ९ जीबीचं होतं आणि ३२ अब्जांचं साधारण २० जीबीचं. पहिलं नव्या कार्डात आरामात बसतं. दुसऱ्याला जुनी जोडीच लागते. ३२ जीबी रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर दोन्ही तपासता येतात. आपल्याच कामातली पंधरा-वीस पानं घ्या, रात्री लावून ठेवा आणि सकाळी वाचा.

भाचीने हेच केलं. छोट्या मॉडेलने ऱ्हस्व-दीर्घाच्या ढोबळ चुका नीट पकडल्या. पण 'दिन' की 'दीन', 'सुत' की 'सूत' हे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचं आलं, की ते डळमळायचं. मोठ्याने त्यातल्या बऱ्याच जागा बरोबर ओळखल्या. तिचं उत्तर तिथेच मिळालं. छोट्या मॉडेलवर तुमचं भागत असेल, तर पुढचं फारसं वाचायची गरज नाही. एकच नवं कार्ड घ्या. वीज कमी, उष्णता कमी, वॉरंटी हातात. फक्त खोक्यावर १६ जीबी लिहिलंय ना ते बघा, कारण त्याच नावाचं ८ जीबीचंही मिळतं.

वेगाचा अंदाजही आधीच काढून ठेवा. मजकुराचा प्रत्येक तुकडा, म्हणजे टोकन, तयार करताना अख्खं मॉडेल मेमरीतून एकदा वाचलं जातं. म्हणून मेमरीच्या वेगाला मॉडेलच्या आकाराने भागलं की कमाल मर्यादा कळते. ३०६०चा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे, म्हणजे २० जीबीच्या मॉडेलला सेकंदाला फार तर १८ टोकन. प्रत्यक्षात त्याहून कमीच पडतात. ५०६० टीआयचा वेग ४४८ जीबी, ९ जीबीच्या मॉडेलला ५०च्या आसपास. आणि मराठीत काम करणाऱ्याने हेही धरावं, की देवनागरी शब्दाचे बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. त्यामुळे तोच मजकूर मराठीत हळू येतो आणि संदर्भासाठी, म्हणजे दिलेला मजकूर लक्षात ठेवायला, मेमरीही जास्त खातो. २४ जीबीत २० जीबीचं मॉडेल ठेवून जी जागा उरते, ती म्हणूनच लवकर भरते. एका वेळी अख्खं पुस्तक देता येणार नाही, प्रकरणं तोडून द्यावी लागतील.

जोडी घ्यायचीच असेल तर आता कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. स्वस्त बोर्डांवर दुसऱ्या स्लॉटला बऱ्याचदा चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, जोडलेल्या असतात. थर वाटून मॉडेल चालवायला तेवढ्या पुरतात. मॉडेलला शिकवायचं असेल तर मात्र तिथे अडेल. पट्टीने अंतर मोजा. दोन कार्डं एकमेकांना चिकटून बसली तर वरच्याच्या पंख्याला खालच्याची गरम हवा ओढावी लागते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे मी याबाबत अजिबात तडजोड करणार नाही.

दोन ३०६० पूर्ण भारावर ३४० वॅट घेतात. प्रोसेसर आणि बाकीचं धरून ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, हवा आणि प्रत्येक कार्डाला ८ पिनांची स्वतंत्र केबल हवी. एकाच केबलला फाटे फोडणाऱ्या जोडण्या लावून भागवू नका. घराघरात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. दिवे गेले की तो लगेच मान टाकेल, म्हणजे त्याचाही खर्च हिशेबात आला. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कार्डाची वीजमर्यादा एनव्हीडिया-एसएमआय या आज्ञेने थोडी खाली आणता येते. या कामात खरा अडसर मेमरीच्या वेगाचा असल्याने टोकनांचा वेग फारसा घटत नाही.

वापरलेलं कार्ड बघायला जाताना घाई घरी ठेवून जा. ३०६०चा ८ जीबीचाही प्रकार आहे आणि त्याच्या मेमरीची वाट १२८ बिटांचीच असल्याने ती बरीच मंद आहे. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये १२ जीबी आणि १९२ बिट दिसायला हवेत. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं, त्याआधीची बरीच कार्डं रात्रंदिवस राबलेली आहेत. म्हणून पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रू उघडल्याच्या खुणा बघा, विक्रेत्यासमोरच ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅमची मेमरी-चाचणी अर्धा तास चालवा. मी एकदा पाच मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवून एक कार्ड आणलं होतं. ते तापल्यावर विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर चौकटी उमटवायचं. पैसे परत मिळाले नाहीत.

याहून जुन्या कार्डांच्या मोहात पडू नका. २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय ११ जीबीचं आहे आणि मेमरी वेगवानही आहे, पण कार्डावर अशी कामं चालवणाऱ्या एनव्हीडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरच्या २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीने ती पिढीच वगळली. एनव्हीडियाचंच टेस्ला पी४० हे कार्ड एकट्यात २४ जीबी देतं. पण ते सर्व्हरसाठी बनलेलं आहे, त्याला स्वतःचा पंखा नाही आणि त्याचा वीजजोडही नेहमीच्या कार्डासारखा नाही.

आणि दोन्ही जुनी कार्डं एकाच दिवशी घेऊ नका. भाचीने एक घेतलं आणि न मावलेले थर रॅममध्ये ठेवून दहा दिवस खरं काम केलं. रोज दुपारी तापमान वहीत लिहिलं. या रविवारी दुसरं बघायला जाणार आहे. पिशवीत वही, पेनड्राइव्हमध्ये ओसीसीटी, आणि स्लॉटमधलं अंतर मोजलेली ती चिठ्ठी.