टॅबलेट निवडताना पैसे कशात घालावेत

बजेट ठरवण्याआधी टॅबलेटवर रोज होणारं मुख्य काम ठरवा: वाचन, व्हिडिओ, हाताने नोट्स काढणं, की टायपिंग. मग त्या कामासाठी जे नंतर बदलता येत नाही त्यात पैसे घाला. स्क्रीन, रॅम, स्टोरेज, पेन चालतं की नाही आणि अपडेट किती वर्षं मिळणार, हे सगळं खरेदीच्या दिवशीच पक्कं होतं. कव्हर आणि कीबोर्ड पुढेही घेता येतात, पण त्यांचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला काढा. मागच्या कॅमेऱ्यासाठी जास्त मोजू नका, कागदपत्रं स्कॅन करण्यापुरता तो बहुतेक टॅबलेटमध्ये असतोच.

पुस्तकं आणि प्रवासासाठी ८ इंची टॅबलेट उत्तम. वजन साधारण ३०० ते ३५० ग्रॅम असल्याने एका हातात धरून वाचता येतं. अभ्यासाला १० ते ११ इंच घ्या. या आकारात १२८० × ८०० रिझोल्यूशन असेल तर एका इंचात जेमतेम १५० पिक्सेल येतात आणि बारीक मराठी मजकुरात जोडाक्षरं, रफार, अनुस्वार पुसट दिसतात. १९२० × १२०० ला हाच आकडा सव्वादोनशेच्या आसपास जातो. वाचन करणाऱ्याने याखाली उतरू नये. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की ४के फाइल चालते. पॅनेलचं रिझोल्यूशन वेगळं पाहा. पीडीएफ जास्त वाचणार असाल तर ४:३ स्क्रीन घ्या, ए४ पान तिच्यावर जवळपास पूर्ण बसतं. १६:१० स्क्रीन व्हिडिओला बरी, पण उभी धरली की त्याच पानाच्या वर-खाली जागा वाया जाते.

अँड्रॉइडमध्ये ४ जीबी रॅम ही किमान पातळी आहे. व्हिडिओ कॉल चालू ठेवून शेजारी नोट्स उघडायच्या असतील तर ६ किंवा ८ जीबी हवी. ‘४ + ४ जीबी’ अशा जाहिरातीतले दुसरे ४ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमपेक्षा फार संथ चालतात, म्हणून तो टॅबलेट ४ जीबीचाच समजा. ६४ जीबी स्टोरेजमधला बराच भाग सिस्टिमच खाते, त्यामुळे १२८ जीबी सोयीचं. मेमरी कार्डावर व्हिडिओ आणि पीडीएफ राहतात, पण बरीच अ‍ॅप्स तिथे हलवता येत नाहीत. आयपॅडला तर कार्डाची सोयच नाही.

व्हिडिओसाठी घेताना एक गोष्ट हमखास सुटते. अँड्रॉइड टॅबलेटला ‘वाइडवाइन एल१’ प्रमाणपत्र, म्हणजे व्हिडिओची चोरटी कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेची वरची पातळी, आहे का ते पाहा. फक्त ‘एल३’ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स एचडी दाखवत नाहीत.

लिहिण्यासाठी रबरी टोकाचं साधं पेन उपयोगाचं नाही. त्याचा स्पर्श आणि बोटाचा स्पर्श टॅबलेटला सारखाच वाटतो, म्हणून तळहात टेकला की रेघोट्या उमटतात. टॅबलेटच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं सक्रिय पेन, म्हणजे टॅबलेट बोटापासून वेगळं ओळखतो असं पेनच घ्या. दुकानात ते पुढीलप्रमाणे तपासा: तळहात काचेवर टेकवा, फूटपट्टी धरा आणि तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ लाटांसारखी हलली तर बारीक अक्षरंही तशीच येणार. टोक आणि उमटणारी शाई यांत फट दिसत असेल तर काच आणि पॅनेल यांच्यात अंतर आहे. लिहिताना ते सतत खुपतं.

फोनचा हॉटस्पॉट जवळ असेल तर सिमवाल्या मॉडेलचे जादा पैसे वाचवा. नकाशासाठी मात्र विचार करा, कारण फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. टॅबलेट मॉनिटरला जोडायचा असेल तर टाइप-सी पोर्ट आहे एवढ्यावर भागत नाही. त्यातून व्हिडिओ बाहेर जातो का हे तपशिलात शोधा, स्वस्त मॉडेलमध्ये सहसा जात नाही.

नवं कमी दर्जाचं मॉडेल आणि जुनं चांगलं मॉडेल एकाच किमतीत मिळत असेल, तर जुन्याला अजून किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार हे आधी पाहा. दोन वर्षंही उरली नसतील तर सोडून द्या, विशेषतः बँकेची अ‍ॅप्स वापरणार असाल तर. वापरलेला टॅबलेट घेताना आधीच्या मालकाने आपलं खातं तुमच्यासमोर काढून टाकावं. नुसतं रीसेट केलेल्या टॅबलेटला सुरू होताना जुना पासवर्ड लागू शकतो. मग पांढरं आणि करडं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावून डाग शोधा, चार्जर जोडून पोर्ट हलकेच हलवा आणि अर्धा तास व्हिडिओ चालवून बॅटरी किती टक्के उतरली ते पाहा. नव्या टॅबलेटचीही हीच तपासणी परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका.